कुत्र्याचा विमा पहिल्यांदा काढताय? आमच्या लाडूच्या कोयीची गोष्ट आणि कागदांची यादी

मे महिन्यातला रविवार, पहाटेचे साडेतीन, आणि आमचा लाडू हॉलमध्ये पुढचे पाय लांब पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा. मला वाटलं आळस देतोय. पण आळस दोन सेकंदांत संपतो, हा पाच मिनिटं तसाच आणि मग पिवळं पाणी ओकला. (पोटात जबरदस्त दुखत असलं की कुत्री अशी उभी राहतात हे मला नंतर व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा.) आदल्या दिवशी घरी आमरस, चौदा-पंधरा माणसं जेवायला, कोयींची बादली ओट्याखाली आणि घरात लॅब्रॅडॉर, म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

त्या दिवशी रात्री ऑपरेशन झालं, आतड्यातून अख्खी कोय निघाली, तीन रात्री ॲडमिट होता. बिल झालं ४८,३४० रुपये आणि त्यातले ४०,०७७ विमा कंपनीकडून परत आले. तेव्हापासून सोसायटीच्या खाली भेटेल तो विचारतो, कुठली कंपनी? ते मी मुद्दाम इथे लिहीत नाहीये, कारण एकाच कंपनीच्या दोन प्लॅनमध्येसुद्धा जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि दुसरं म्हणजे माझा क्लेम खरंतर मे-जूनमध्ये नाही तर आदल्या नोव्हेंबरमध्येच अर्धा पास झाला होता, ज्या रविवारी नवऱ्याच्या शिव्या खात मी लाडूची फाईल लावत बसले होते. तेव्हा नव्याने विमा काढणाऱ्यांसाठी ती फाईल कशी लावायची आणि पुढे काय काय करायचं ते क्रमाने लिहितेय. आम्ही पुण्यात राहतो त्यामुळे उदाहरणं इथलीच आहेत.

सगळ्यात आधी: हे आहे काय

माणसांच्या मेडिक्लेमची सवय असलेल्यांना पहिला धक्का इथे बसतो. पेट इन्शुरन्समध्ये बहुतेक वेळा कॅशलेस नसतं, आधी खिशातून पूर्ण भरायचं आणि मग कागद पाठवून परत मिळवायचं. म्हणजे विमा आहे म्हणून हाताशी पैसे नकोत असं होत नाही, क्रेडिट कार्ड किंवा थोडी बचत लागतेच. हे माहीत नसेल तर मध्यरात्री काउंटरवर फार वाईट वाटतं.

आपल्याकडे हा प्रकार आत्ता आत्ता घराघरांत पोचतोय, २०२०च्या आसपास एक-दोन खासगी कंपन्यांनी पाळीव कुत्र्यांसाठी वेगळे प्लॅन आणले आणि मग बाकीचे आले. त्याआधी सरकारी कंपन्यांकडे कुत्र्याची पॉलिसी असायची पण ती गाई-म्हशींच्या विम्याच्या पठडीतली, जनावर दगावलं तर पैसे अशी. स्वीडनमध्ये कुत्र्याचा विमा १९२४ पासून आहे म्हणे, तिकडे लोक पिल्लू घरी आणायच्या आधी पॉलिसीचं बघतात. आपण पिल्लू घरी आणायच्या आधी बेड आणि बो-टाय बघतो. असो.

मांजरवाल्यांनो, तुमच्यासाठी पर्याय कमी आहेत पण आता आहेत. पुढचं जवळजवळ सगळं तुम्हालाही लागू.

पायरी १: पॉलिसी शोधायच्या आधी फाईल

मी साधी प्लॅस्टिकची फाईल घेतली, वर मार्करने "लाडू" लिहिलं. त्यात हे जातं:

लसीकरणाचं कार्ड. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळ्यांचं अर्धवट असतं. पिल्लूपणीचे डोस असतात, तिसऱ्या महिन्यात रेबीजचं होतं, आणि मग दरवर्षीचा बूस्टर "जाऊ या या रविवारी" करत राहून जातो. सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन (एकाच इंजेक्शनात अनेक आजारांवरची लस) आणि अँटी-रेबीज, दोन्हींचे वर्षाचे शिक्के कार्डावर हवेत, प्रत्येक शिक्क्याशेजारी लसीच्या बाटलीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं हवं, आणि डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर. का? कारण पार्वो, डिस्टेंपर असल्या लसीने टळणाऱ्या आजारांचा क्लेम आला की कंपनी पहिल्यांदा हे कार्ड मागते, लस दिली नसेल तर विषय संपला. आमच्या कार्डावर एका वर्षीच्या रेबीजला सही नव्हती, मी तेवढ्यासाठी जुन्या क्लिनिकला जाऊन ती घेऊन आले, रिसेप्शनवरचा मुलगा मला वेडीच समजला असणार.

मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेमागे दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली इंजेक्शनने घालतात, पंधरा आकडी नंबर. खूप जणांना वाटतं यात जीपीएस असतं आणि कुत्रा हरवला की मोबाईलवर दिसेल. नाही दिसणार! त्यात बॅटरीच नसते, स्कॅनर जवळ धरला की नुसता नंबर वाचता येतो, बस. पण विम्याच्या दृष्टीने तो नंबर म्हणजे कुत्र्याचं आधार कार्ड, काही कंपन्या चिप असेल तर प्रीमियममध्ये थोडी सूट देतात आणि काहींना ती हवीच असते. आमची चिप घातली तेव्हा लाडूने ढिम्म हालचाल केली नाही, नवऱ्यालाच चक्कर आली. या चिपमुळे पुढे आमचा क्लेम कसा वाचला ते येतंच आहे.

फोटो. समोरून, डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, पूर्ण अंग दिसेल असे, तारखेसकट. लाडू काळा लॅब आहे आणि आमच्याकडचे सगळे फोटो "क्यूट" होते, म्हणजे सोफ्यावर काळा ढग. त्याच्या छातीवर छोटा पांढरा ठिपका आहे तो दिसेल असा फोटो मुद्दाम काढला.

महापालिकेचं लायसन्स. पुण्यात आणि मुंबईत कुत्रा पाळायला महापालिकेचं लायसन्स लागतं हे अर्ध्या लोकांना माहीतच नाही, उरलेल्या अर्ध्यांना माहीत असून काढायचं नसतं. सगळ्या कंपन्या मागतील असं नाही पण काढून ठेवा, ज्यांना थर्ड पार्टी कव्हर (आपल्या कुत्र्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई) घ्यायचंय त्यांनी तर नक्कीच.

ब्रीडचे कागद असतील, म्हणजे केनेल क्लबचं सर्टिफिकेट, तर तेही. नसेल तर घाबरू नका, लाडूचं नव्हतं. आणि इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा असेल, रस्त्यावरून उचललेला असेल, तरी पॉलिसी मिळते, फॉर्ममध्ये सरळ तसं लिहायचं. इंडीला "लॅब मिक्स" लिहिणारे लोक मी बघितलेत, कृपा करून हे करू नका, उद्या क्लेमच्या वेळी फोटो बघून समोरचा माणूस हसेल आणि मग हसू थांबल्यावर फाईल बंद करेल.

पायरी २: कशासाठी विमा हवाय ते ठरवा

प्लॅन उघडला की थाळीसारखं असतं, एक मुख्य आणि बाजूला वाट्या. मुख्य म्हणजे ऑपरेशन आणि हॉस्पिटलायझेशन. वाट्यांमध्ये ओपीडी, गंभीर आजार, मृत्यू, चोरी किंवा हरवणं, थर्ड पार्टी. प्रत्येक वाटीचे पैसे वेगळे आणि प्रत्येकीची मर्यादा वेगळी.

माझं स्पष्ट मत, मुख्य घ्याच. कोय, मोजा, रबरी बॉल, रस्त्यावर गाडीचा धक्का, नसबंदी न केलेल्या मादीला होणारं गर्भाशयाचं इन्फेक्शन, ही सगळी ऑपरेशनं अचानक येतात आणि एका रात्रीत चाळीस-पन्नास हजार नेतात. त्या एका रात्रीसाठीच विमा काढायचा असतो.

थर्ड पार्टी घ्या असं मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही. तुमचा कुत्रा "काही करत नाही हो" हे मान्य, पण लिफ्टमध्ये एखाद्या आजी घाबरून पडल्या तरी त्यांच्या फ्रॅक्चरचा खर्च कुणी द्यायचा? भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केला आणि त्यातून माणसाला धोका झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती शिक्षा विमा कंपनी भोगणार नाही, पण समोरच्याला द्यावी लागणारी नुकसानभरपाई मर्यादेपर्यंत ती देऊ शकते. वर्षाला किरकोळ रक्कम वाढते, मी घेतलंय.

ओपीडी मी घेतलं नाही. हिशोब केला, लाडू वर्षात पाच-सहा वेळा व्हेटकडे जातो, त्यातल्या निम्म्या फेऱ्या लसी आणि नखांच्या, ज्या तसंही कव्हर होत नाहीत. गोचिडांचा त्रास असलेल्या भागात राहत असाल, शेत-फार्महाऊस असेल, तर मात्र विचार करा, टिक फिव्हर झाला की रक्ताच्या तपासण्या, सलाइन, गोळ्यांचा लांब कोर्स असं ॲडमिट न होतासुद्धा बिल चढत जातं.

मृत्यूचं कव्हर ही ज्याची त्याची गोष्ट. शो डॉग असेल, ब्रीडचे कागद असतील तर लोक घेतात. माझ्याच्याने तो कॉलम भरवला नाही.

पायरी ३: पॉलिसी वर्डिंग, आख्खं

ब्रोशर नका वाचू. वेबसाइटवर खाली कुठेतरी कोपऱ्यात "पॉलिसी वर्डिंग्ज" नावाची पीडीएफ असते ती डाउनलोड करा, चहा घ्या आणि बसा. कंटाळवाणी असते पण कामाच्या ओळी सात-आठच असतात.

वेटिंग पिरियड शोधा. पॉलिसी सुरू झाल्यापासून ठरावीक दिवस आजाराचा क्लेम चालत नाही, अपघाताला कमी दिवस किंवा काहीच नाही, प्लॅनप्रमाणे बदलतं. माझ्या मैत्रिणीने पॉलिसी घेतली आणि नवव्या दिवशी तिच्या बीगलला टिक फिव्हर निघाला, क्लेम नाकारला. ती अजून कंपनीला शिव्या घालते आणि मलाही तिचं वाईट वाटतं, पण वर्डिंगमध्ये ते पान चारवर लिहिलेलं होतं, आम्ही दोघींनी मिळून वाचलं. नंतर.

वयाची अट बघा. प्रवेशाला कमीत कमी दोन-तीन महिने आणि जास्तीत जास्त किती वर्षं ते जातीच्या आकारावर असतं. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मॅस्टिफ असल्या अवाढव्य जातींचं आयुष्यच कमी, त्यांना दार लवकर बंद होतं. म्हणून विमा काढायचा तर पिल्लू असताना किंवा तरुणपणी, दहा वर्षांच्या कुत्र्याला नवीन पॉलिसी मिळायची शक्यता फार कमी. ज्यांचं कुत्रं आधीच म्हातारं आहे त्यांनी दर महिन्याला हजार-दीड हजार वेगळ्या खात्यात टाकावेत, तोच विमा समजा.

को-पे किंवा डिडक्टिबल किती? म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमच्या खिशातून किती जाणार. माझ्यात दहा टक्के होतं. पाचशे रुपये स्वस्त असलेला एक प्लॅन होता त्यात वीस टक्के. एका ऑपरेशनमध्ये त्या पाचशेचे पाच हजार झाले असते.

आणि काय नाही ते बघा. आधीपासून असलेला आजार नाही, जन्मजात नाही. लॅब आणि जर्मन शेफर्डवाल्यांनी हिप डिस्प्लेझियाबद्दल वर्डिंगमध्ये शब्द शोधून बघायचाच, कारण या जातींना खुब्याचं ते दुखणं फार असतं आणि आनुवंशिक म्हणून ते सहसा बाहेर ठेवलेलं असतं. दात साफ करणं, नसबंदी, बाळंतपण, ग्रूमिंग, जेवण, हे नाही.

शंका असेल तर फोन करा पण उत्तर मेलवर मागा. फोनवरचा मुलगा गोड आवाजात "हो मॅम, सगळं कव्हर आहे" म्हणतो, त्या सगळ्याला क्लेमच्या दिवशी काडीची किंमत नसते.

पायरी ४: फॉर्म भरताना

खरं लिहा. पूर्वी फिट आली होती, कानाचं इन्फेक्शन वरचेवर होतं, पाय मोडला होता, जे असेल ते. लपवलं तर प्रीमियम घेताना कुणी काही म्हणत नाही, क्लेमच्या वेळी जुने केसपेपर मागवतात आणि मग सगळंच जातं, कोयसुद्धा.

आणि नाव. इथे मी चुकले. लसीच्या कार्डावर डॉक्टरांनी इंग्रजीत लाडू लिहिताना एक डी घातला होता, मी फॉर्ममध्ये दोन डी घातले आणि शेवटी डबल ओ, आणि हॉस्पिटलच्या बिलावर रिसेप्शनिस्टने तिसरंच काहीतरी. तेव्हा हसले होते, कुत्र्याच्या नावाला कसलं आलंय स्पेलिंग.

पॉलिसीची पीडीएफ आल्यावर त्याच दिवशी उघडून जन्मतारीख, रंग, जात, चिप नंबर, तुमचा मोबाईल, सगळं ताडून बघा आणि चूक असेल तर लगेच मेल. मी चिप नंबर एक-एक आकडा बोट ठेवून तपासला आणि नावाकडे बघितलंच नाही, म्हणजे बघा.

क्लेमचा मेल आयडी आणि टोल-फ्री नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा, सासूबाईंच्यासुद्धा. वर्षाचा प्रीमियम मला टॅक्स धरून ६,२१० पडला, ऑपरेशन-हॉस्पिटलची मर्यादा ६०,०००.

पायरी ५: प्रत्यक्ष तो दिवस

पहिलं कुत्रं, मग कागद. पण डॉक्टरांसमोर बोलताना जरा भान ठेवून बोला, याचा अर्थ खोटं बोला असा अजिबात नाही. आपल्याला सवय असते, "अहो याचं पोट नेहमीच बिघडतं", "गेले सहा महिने असंच चाललंय". लाडू सहा महिन्यांत दोनदा गवत खाऊन ओकला होता, त्याचा कोयीशी काय संबंध? पण "सहा महिन्यांपासून उलट्या" असं केसपेपरवर गेलं की कंपनीला तो जुना आजार दिसतो. मी सांगितलं, काल दुपारी दोनच्या सुमाराला कोय खाल्ल्याची शंका, रात्रीपर्यंत ठीक, साडेतीनला पहिली उलटी, एकूण सात वेळा, शी नाही. डॉक्टरांनी ते तसंच्या तसं उतरवलं. उपचारालाही तेच बरं पडतं.

एक्स-रेमध्ये कोय नीट दिसली नाही, हाडासारखी किंवा नाण्यासारखी ती उठून दिसत नाही, नुसता गॅस अडकलेला दिसला. सोनोग्राफीत सापडली. दोन्हींचे रिपोर्ट आणि फिल्म मागून घ्या, "आमच्या सिस्टीममध्ये आहे" म्हणतात, तिथे राहू देऊ नका.

कंपनीला कळवायची मुदत असते, माझ्या पॉलिसीत २४ तास. लाडू आत होता, मी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसून रात्री सव्वाबाराला मेल टाकला, पॉलिसी नंबर, हॉस्पिटलचं नाव, काय झालं आणि काय ऑपरेशन चाललंय, चार ओळी. ऑटो-रिप्लायमध्ये क्लेम नंबर आला. तेवढंच करायचं असतं त्या दिवशी, पण तेवढं करायचंच.

एक गोष्ट मात्र आमच्या व्हेटनीच सुचवली. आतून निघालेली कोय स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून शेजारी पट्टी आणि लाडूचा केसपेपर ठेवून फोटो काढला. साडेसहा सेंटिमीटर, हिरवट काळी, वर अजून आंब्याचे दोन तंतू चिकटलेले. नवऱ्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मावशीने विचारलं, हापूस का पायरी?

पायरी ६: डिस्चार्ज आणि बिलं

डिस्चार्जच्या दिवशी आपल्याला कुत्रं घेऊन पळायचं असतं. अर्धा तास थांबा. काउंटरवर उभं राहून एवढं बघा: डिस्चार्ज समरीवर निदान, ऑपरेशनचं नाव, ॲडमिट आणि डिस्चार्जची तारीख-वेळ, चिप नंबर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि व्हेटरनरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. चिप नंबर ते आपणहून लिहीत नाहीत. मी म्हटलं, स्कॅनर आहे ना, मग एकदा फिरवा आणि आलेला नंबर लिहा. लिहिला.

बिल एकरकमी नको. "सर्जरी ४५,०००" अशी एक ओळ कंपनीला पचत नाही, वेगवेगळं फोडून हवं, भूल किती, ऑपरेशन किती, रोजचा वॉर्ड किती, औषधं किती, तपासण्या किती. प्रत्येक बिलावर कुत्र्याचं आणि तुमचं नाव. बाहेरच्या मेडिकलमधून काही आणलं असेल तर त्याचं पक्कं बिल आणि त्याला जुळणारं प्रिस्क्रिप्शन, चिठ्ठीवर हाताने लिहिलेला आकडा चालत नाही. पैसे यूपीआयने किंवा कार्डने द्या म्हणजे पुरावा राहतो.

पायरी ७: क्लेम पाठवणं आणि वाट बघणं

९ जूनला मी सगळं अपलोड केलं, टाके काढून झाल्यावर, एकदमच. क्लेम फॉर्म, डिस्चार्ज समरी, बिलं आणि पावत्या, रिपोर्ट, लसीचं कार्ड पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, फोटो, कॅन्सल्ड चेक. प्रत्येक फाईलला नाव दिलं, ०१-डिस्चार्ज, ०२-बिल असं. व्हॉट्सॲपवरून आलेले धूसर फोटो पाठवू नका, स्कॅन करा, फोनमधलं स्कॅनर ॲपही चालतं.

अकराव्या दिवशी मेल आला, नावात तफावत आहे, हाच विमा उतरवलेला कुत्रा आहे याचा पुरावा द्या. तीन कागद, तीन स्पेलिंगं! पोटात गोळा आला. मग डिस्चार्ज समरीवरचा चिप नंबर आणि पॉलिसीवरचा चिप नंबर, दोन्हींवर पिवळा हायलायटर मारून, छातीवरच्या ठिपक्याचे पॉलिसीच्या वेळचा आणि हॉस्पिटलमधला असे दोन फोटो जोडून पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या विभागातल्या बाईंचा फोन आला, त्या आधी लाडू कसा आहे विचारत होत्या, मग म्हणाल्या, मॅडम चिप मॅच होतेय, पुढे पाठवते. २ जुलैला पैसे खात्यात. अपलोड केल्यापासून तेवीस दिवस.

कापलं काय ते सांगते म्हणजे अपेक्षा नीट राहील. ऑपरेशननंतरच्या खास जेवणाचे डबे २,१६०, गळ्यात घालायचा तो प्लॅस्टिकचा कोन ७५०, डिस्चार्जनंतरच्या ड्रेसिंगच्या फेऱ्या ९०० कारण ओपीडी कव्हर नव्हतं. उरलेल्या ४४,५३० वर दहा टक्के को-पे, म्हणजे ४,४५३. आले ४०,०७७. कापल्याचं कारण प्रत्येक ओळीपुढे लिहून आलं होतं आणि मला त्यात भांडण्यासारखं काही सापडलं नाही, आणि भांडायला मी तयार होते हे घरच्यांना विचारा.

पायरी ८: नाकारला तर

माझ्यावर ही वेळ आली नाही, पण रस्ता माहीत असावा. नकाराचं कारण लेखी मागा, वर्डिंगमधलं कुठलं कलम ते नमूद करून. मग कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार. तिथे हललं नाही तर विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं "बिमा भरोसा" नावाचं पोर्टल आहे, तिथे नोंदवा. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे आणि मुंबईतही. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. मात्र जायच्या आधी वर्डिंग पुन्हा एकदा थंड डोक्याने वाचा, मैत्रिणीच्या बीगलसारखं पान चारवर उत्तर असेल तर तुमचा वेळ वाया जाईल.

पायरी ९: रिन्यूअल

तारीख चुकवू नका. खंड पडला की नवीन पॉलिसी, पुन्हा वेटिंग पिरियड, आणि मधल्या काळात निघालेलं दुखणं आता "आधीपासूनचं". रिन्यूअलच्या आधी वर्षाच्या लसी झालेल्या असू द्या. प्रीमियम वाढला का, को-पे बदलला का बघा, वयाप्रमाणे काही अटी बदलतात आणि मेलमध्ये ते कुणी ठळक अक्षरात सांगत नाही.

आमचं रिन्यूअल नोव्हेंबरमध्ये झालं, प्रीमियम सहाशेच्या आसपास वाढला. त्याच वेळी नावाची दुरुस्तीही करून घेतली, एक डी, शेवटी एक यू, कार्डावर आहे तसं. सासूबाईंनी विचारलं, याला एवढा कसला खटाटोप? मी त्यांना कोयीचा फोटो दाखवला. "काढ तो समोरून," म्हणाल्या, आणि बादली उचलून माळ्यावर ठेवून दिली, नोव्हेंबरमध्येच.